गिझरचा कान

गेल्या डिसेंबरात साडू मुक्कामाला होते. सकाळची पंचवटी एक्सप्रेस पकडून मुंबईला जायचं, म्हणून पहाटे साडेचारला उठले. मनमाडचा डिसेंबर कोरडा आणि बोचरा. राज्यातलं सर्वांत कमी तापमान म्हणून पेपरात ज्या निफाडचं नाव येतं, ते आमच्याच जिल्ह्यात, आमच्याच रेल्वेमार्गावर. रात्रभर गच्चीवरच्या काळ्या टाकीत राहिलेलं पाणी पहाटे हाताला चावतं. साडूंनी गिझर लावला, दोन मिनिटं थांबून पाण्यात बोट घातलं आणि गिझरखालचा गोल नॉब पिळत पिळत शेवटपर्यंत नेला.

“अहो, त्याचा कान पिळून पाणी लवकर तापत नाही,” मी म्हटलं.

“तापतं हो. आमच्याकडे असंच करतो आम्ही,” साडू म्हणाले.

साडू एकटे नाहीत. गिझर, फ्रिज, एसी, इस्त्री, जिथं जिथं असा नॉब असतो तिथं आपण त्याला पाण्याच्या कॉकसारखं वागवतो. कॉक जास्त उघडला की धार मोठी, तसा नॉब जास्त फिरवला की उष्णता जास्त, असा आपला समज. पण तो कॉक नव्हेच. आत पाणी तापवणारा हीटर एका ठरावीक ताकदीचा असतो. तो चालू तरी असतो किंवा बंद तरी. नॉबच्या मागे बसलेला थर्मोस्टॅट फक्त एवढंच ठरवतो की त्यानं बंद कधी व्हायचं.

आमचा गिझर पंधरा लिटरचा, हीटर दोन किलोवॅटचा. टाकीतलं पाणी १५ अंशांवर धरू. अंघोळीला लागतं साधारण ४० अंशांचं पाणी. पंधरा लिटर पाणी १५ वरून ४० वर न्यायला या हीटरला सुमारे १३ मिनिटं लागतात. नॉब ५० वर असो, ६० वर असो की साडूंनी नेला तसा ७५ वर, तेरा मिनिटांना पाणी ४० अंशांवरच असणार. फरक पडतो तो त्यानंतर. ६० वर लावलेला गिझर सुमारे साडेतेविसाव्या मिनिटाला ‘टक्’ करून थांबेल आणि तोवर पाऊण युनिटाहून थोडी जास्त वीज खाईल. ७५ वर लावलेला एकतिसाव्या मिनिटापर्यंत चालत राहील आणि एक युनिट पार करेल.

मग ७५ चा आकडा छापलाच कशाला? त्याचा उपयोग आहे, पण वेगळा. कढत पाण्यात गार पाणी मिसळूनच आपण अंघोळ करतो. ६० अंशांचं पंधरा लिटर पाणी १५ अंशांच्या पाण्यात मिसळलं तर ४० अंशांचं २७ लिटर पाणी होतं. तेच ७५ वर तापवलं तर ३६ लिटर. अठरा लिटरच्या बादलीनं मोजलं तर पहिल्यात दीड बादली, दुसऱ्यात दोन. म्हणजे नॉब पुढे नेल्यानं पाणी लवकर मिळत नाही, जास्त मिळतं. घरात पाहुणे असले आणि एकामागून एक अंघोळी उरकायच्या असल्या तर ७५ ला अर्थ आहे. एकट्यानं पंचवटी पकडायची असेल तर नाही.

आणि मनमाडात ७५ चा आणखी एक तोटा आहे. आमच्या पाण्याची कहाणी जिल्ह्याला ठाऊक आहे. वागदर्डी धरण, त्याला पालखेडच्या आवर्तनाची आस, आणि नळाला पंधरा-पंधरा, वीस-वीस दिवसांनी येणारं पाणी हे मनमाडकरांनी वर्षानुवर्षं सोसलंय. मधले दिवस बोअर आणि टँकर. हे पाणी बहुधा जड. त्यात विरघळलेला चुना पाणी तापलं की बाहेर पडतो, आणि पाणी जितकं जास्त तापवाल तितका जास्त पडतो. हीटरच्या कांडीवर त्याचा पांढरा, खडबडीत थर चढतो. थर चढला की कांडीची उष्णता पाण्यात जायला अडखळते, कांडी स्वतःच जास्त तापते आणि एक दिवस जळते. आमच्या गल्लीत गिझर उघडला की मिस्त्री आधी त्यातून मूठभर खपल्या काढून फरशीवर टाकतो. पातेल्याच्या बुडाशी धरतो तोच हा थर.

आमच्या आईच्या वेळी तांब्याचा बंब होता. त्याला नॉब नव्हता. लाकडाच्या ढलप्या, गोवऱ्या, शेंगांची टरफलं हे इंधन, आणि थर्मोस्टॅट म्हणजे आईचा हात. ती बंबाच्या पोटाला बाहेरून हात लावायची आणि म्हणायची, “झालं, ओढा आता लाकूड.” थर्मोस्टॅट याहून वेगळं काही करत नाही. हात लावून बघायचं, झालं असेल तर थांबवायचं, पुन्हा गार झालं की सुरू करायचं. तो हात यंत्राला कसा दिला, ही गोष्ट मात्र रंजक आहे.

मनमाडच्या माणसाला ती समजावणं सोपं जातं, कारण आमच्या गावात रेल्वेचा मोठा वर्कशॉप आहे आणि तिथं पुलांचे गर्डर बनतात. गर्डर दोन्ही टोकांना पक्का जखडून चालत नाही हे इथल्या पोरासोरांनाही माहीत. एक टोक पक्कं ठेवायचं, दुसरं सरकू द्यायचं. तीस मीटरचा पोलादी गर्डर हिवाळ्यातल्या पहाटेपासून मे महिन्यातल्या दुपारपर्यंत ३५ अंशांनी तापला तर बारा-तेरा मिलिमीटरनं लांब होतो. पोलादापेक्षा पितळ जास्त वाढतं, साधारण दीडपट. आता पितळेची आणि पोलादाची अशा दोन पट्ट्या एकमेकींना घट्ट चिकटवून टाका. तापल्यावर पितळेला लांब व्हायचंय, पोलाद तिला तेवढं होऊ देत नाही. मग जोडपट्टी वाकते. तिच्या टोकाला विजेचा संपर्क लावला की तापल्यावर तो सुटतो, गार झाल्यावर जुळतो. कपड्यांच्या इस्त्रीत हीच पट्टी बसलेली असते. इस्त्री मधूनच ‘टिक्’ करते ना, तो त्या पट्टीचा आवाज.

बऱ्याच गिझरांत पट्टीऐवजी कांडी असते. पाण्यात बुडालेली पितळेची नळी आणि तिच्या आत इन्व्हार नावाच्या मिश्रधातूची सळई. इन्व्हार हे लोखंड आणि निकेल यांचं मिश्रण, आणि त्याचा गुण असा की ते तापलं तरी जवळजवळ वाढतच नाही. शार्ल गियोम या शास्त्रज्ञानं ते १८९६ साली शोधलं आणि पुढं १९२० साली त्याला भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. पाणी तापलं की बाहेरची नळी लांबते, आतली सळई आहे तशीच राहते, त्यामुळे ती आत ओढली जाते आणि संपर्क तुटतो. ही ओढ किती? वीतभर कांडी ४५ अंशांनी तापली तर एक पंचमांश मिलिमीटर. वहीचे दोन कागद एकावर एक ठेवावेत तेवढी. आपण नॉब फिरवतो तेव्हा हे दोन कागदांचं अंतर थोडं कमी-जास्त करतो, बस.

ही विद्या जुनी आहे. घड्याळं थंडीउन्हात मागेपुढे होऊ नयेत म्हणून जॉन हॅरिसननं अठराव्या शतकात दोन धातूंची पट्टी वापरली होती. खोलीच्या उबेसाठी तिचा उपयोग करायला मात्र एक त्रासलेला प्राध्यापक लागला. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमध्ये वॉरन जॉन्सन शिकवत असे. वर्ग किती गार झालाय ते बघायला शाळेचा माणूस खोल्याखोल्यांतून फिरायचा आणि मग तळघरात जाऊन भट्टीची झडप हलवायचा. ही ये-जा टळावी म्हणून जॉन्सननं विजेवर चालणारा खोलीतला थर्मोस्टॅट केला. त्याचं पेटंट १८८३ चं.

यात कुठंही ‘वेग’ हा शब्द नाही. पट्टी असो, सळई असो की आजची इलेक्ट्रॉनिक चकती, सगळ्यांचं काम मर्यादा राखण्याचं. उन्हाळ्यात आपण एसीशी हेच करतो. बाहेर ४२, घरात भट्टी, आल्या आल्या रिमोटवर १६ दाबायचं. जुन्या पद्धतीचा कॉम्प्रेसर १६ ला आणि २४ ला एकाच ताकदीनं चालतो. इन्व्हर्टरचा कॉम्प्रेसर वेग कमी-जास्त करतो खरा, पण खोली तापलेली असताना तोही दोन्ही आकड्यांना जोरातच धावतो. १६ लावल्यानं एवढंच होतं की खोली २४ ला पोचली तरी तो थांबत नाही, आणि मध्यरात्री घरातला कोणीतरी उठून गोधडी शोधतो. १ जानेवारी २०२० पासून आपल्याकडे विकले जाणारे स्टार लेबलचे घरगुती एसी चालू करताच २४ अंशांवरच लागतील, असा नियम आहे. पुढे रिमोटनं काय करायचं ते आपल्या हातात. एक अंश वर ठेवलं की वीज सुमारे सहा टक्के वाचते, असं ऊर्जा दक्षता ब्यूरो सांगतो. हा आकडा घरबसल्याही पडताळता येतो. बाहेर ४२ आणि आत २४ म्हणजे फरक १८. एक अंश सोडला तर अठरातला एक वाचला.

हे सगळं मी वर्षानुवर्षं विद्यार्थ्यांना फळ्यावर सांगत आलो. पण माझी खरी परीक्षा घेतली भाच्यानं, इंग्लंडमधून.

तो लीड्सला असतो. तीन-चार वर्षांपूर्वी त्यानं तिथं जुनं घर घेतलं. त्या घराला पाण्याचं सेंट्रल हीटिंग. म्हणजे स्वयंपाकघरात गॅसवरचा बॉयलर, तिथून नळ्यांनी प्रत्येक खोलीत जाणारं गरम पाणी आणि खोलीखोलीत भिंतीला लावलेले लोखंडी रेडिएटर. त्याचा एका गुरुवारी रात्री फोन आला. “मामा, घर गारठलंय. थर्मोस्टॅट बावीस दाखवतोय आणि आमचे दात वाजतायत. नवा बसवू का?”

मी म्हटलं, व्हिडिओ लाव आणि थर्मोस्टॅट दाखव. त्यानं दाखवला. पॅसेजच्या भिंतीवर पांढरी डबी, आकडा २२. फोन जरा खाली घे म्हटलं. खाली अरुंद टेबल, त्यावर मार्गशीर्षातल्या गुरुवारची महालक्ष्मी मांडलेली, पाच पानं, नारळ, वेणी आणि दोन्ही बाजूंना तेवणाऱ्या समया. समयांची ऊब सरळ वर जात होती आणि डबीला भिडत होती. डबीच्या मते घर बावीस अंशांवर होतं. तिनं बॉयलरला थांबायला सांगितलं होतं. तिचं काही चुकलं नव्हतं, तिला फक्त स्वतःपुरतं कळत होतं.

समया दिवाणखान्यात हलवल्या आणि अर्ध्या तासात रेडिएटर धरवेनात इतके तापले. पण त्या निमित्तानं पुढचे चार रविवार मामा-भाच्यांनी त्या घराचे सगळे कान तपासले. परदेशात घर केलेल्या बऱ्याच मराठी कुटुंबांना हा विषय नवा असतो. आपल्याकडे हवा तापवायची सवयच नाही, शेकोटीपुढं बसायचं आणि पाठ गार ठेवायची एवढंच आपण जाणतो. म्हणून जरा तपशिलात सांगतो.

पहिला घोटाळा शब्दाचा. तिथल्या माहितीपुस्तिकेत थर्मोस्टॅट ‘हॉल’मध्ये लावा असं लिहिलेलं असतं. आपला हॉल म्हणजे बैठकीची खोली, त्यांचा हॉल म्हणजे दारातून आत आल्यावरची अरुंद बोळ. पण ती बोळ चांगली जागा असेलच असं नाही. दार उघडलं की गार वाऱ्याचा झोत थेट तिथं येतो, डबीला वाटतं घर गोठलं, आणि वर झोपायच्या खोल्या उकडून निघतात. डबी लावावी जिथं माणसं खरोखर बसतात तिथं, आतल्या भिंतीवर, छातीच्या उंचीला, साधारण सव्वा ते दीड मीटरवर. रेडिएटरच्या डोक्यावर नको, पडद्यामागं नको, खिडकीतलं ऊन पडेल तिथं नको, टीव्हीच्या वर नको. समईचं आता सांगायला नको. बिनतारी डबी असेल तर आणखी एक धोका. ती हलती असल्यानं कोणीतरी तिला उचलून पुस्तकांच्या कपाटात मागं ठेवतं आणि विसरतं.

दुसरी गोष्ट, एका घरात कान चार असतात आणि प्रत्येकाचं काम निराळं. एक वेळेचं घड्याळ, हीटिंग किती वाजता सुरू आणि किती वाजता बंद. दुसरा भिंतीवरचा थर्मोस्टॅट. तिसरा प्रत्येक रेडिएटरच्या तळाशी असलेला, १ ते ५ आकड्यांचा जाड गोल नॉब. चौथा बॉयलरवरचा, रेडिएटरांत जाणारं पाणी किती तापवायचं ते ठरवणारा.

यातला रेडिएटरचा नॉब सर्वांत जास्त गैरसमजाचा. लोक पाचावर नेतात, रेडिएटर लवकर तापेल म्हणून. पण हाही थर्मोस्टॅटच. डेन्मार्कच्या मॅड्स क्लाउसेननं १९४३ मध्ये याचं पेटंट घेतलं. डोक्यात मेण किंवा द्रव भरलेली डबी असते. खोलीतली हवा तापली की ते फुगतं, खालची खिळी दाबतं आणि पाण्याची वाट अरुंद होते. त्याला वीज लागत नाही, तार लागत नाही. ३ चा आकडा म्हणजे खोली अंदाजे २० अंश. ५ म्हणजे ‘थांबूच नको’ म्हटल्यासारखं. निजायच्या खोलीत २ ते अडीच पुरतो, पाहुण्यांच्या रिकाम्या खोलीत नॉबवरच्या बर्फाच्या चांदणीच्या खुणेवर ठेवला की पाणी गोठत नाही आणि वाया काही जात नाही. उन्हाळाभर बंद राहिलेली ती खिळी कधीकधी आतच रुतून बसते. नॉब काढून तिला हलक्या हातानं दोन-चारदा दाबून मोकळं करायचं, पकडीनं ओढायची नाही. ओढली तर पाण्याचा फवारा अंगावर.

आणि एक नियम, जो भाच्याच्या घरात मोडला होता. ज्या खोलीत भिंतीवरचा थर्मोस्टॅट आहे तिथल्या रेडिएटरचा नॉब पूर्ण उघडा ठेवायचा. नाहीतर दोन सासवा एका सुनेला उलटसुलट हुकूम देतात. नॉब म्हणतो अठरा झाले, पुरे. भिंतीवरचा म्हणतो वीस होईपर्यंत चालू ठेव. खोली अठरावर अडकते, बॉयलर थांबत नाही, आणि वरच्या मजल्यावर माणसं खिडक्या उघडून बसतात.

चौथ्या कानाची गंमत वेगळी. इतका वेळ मी सांगतोय की कान पिळून काही लवकर तापत नाही. हा त्याला अपवाद. बॉयलरवरचं पाण्याचं तापमान वाढवलं तर रेडिएटर जास्त कढत होतात आणि घर खरोखरच लवकर तापतं. साडूंचा मुद्दा इथं खरा ठरला असता. पण त्याची किंमत मोजावी लागते. आजचे बॉयलर गॅस जळून तयार झालेली वाफही वाया घालवत नाहीत. रेडिएटरांतून फिरून परत आलेलं पाणी पुरेसं गार, म्हणजे साधारण ५५ अंशांच्या खाली असेल, तर ती वाफ त्यावर दवासारखी जमते आणि स्वतःत कोंडलेली उष्णता सोडून देते. पाणी ८० वर पाठवलं तर ते परतही कढतच येतं, वाफ जमत नाही आणि पैसे धुराड्यातून वर जातात. म्हणून पाणी ६० च्या आसपास पाठवावं. घर सावकाश तापेल, घड्याळ अर्धा तास अलीकडं लावायचं. इंग्लंडमध्ये २०२२ पासून नवी यंत्रणा बसवताना ती ५५ अंशांच्या पाण्यावर भागेल अशीच आखायची, असा बांधकाम नियम आहे.

एक सावधगिरी मात्र हवी. भाच्याचा बॉयलर नळाचं पाणी जागच्या जागी तापवणारा होता, म्हणून हे बेधडक करता आलं. घरात गरम पाणी साठवणारी टाकी असेल तर त्या टाकीला ६० अंश मिळालेच पाहिजेत. कोमट साठलेल्या पाण्यात लिजनेला नावाचे जिवाणू वाढतात. १९७६ साली फिलाडेल्फियात माजी सैनिकांच्या संमेलनात फुप्फुसाचा एक अनोळखी आजार पसरला. पुढं त्याचं कारण असलेले हे जिवाणू सापडले आणि त्यांना संमेलन भरवणाऱ्या संघटनेवरून नाव पडलं. २० ते ४५ अंश ही त्यांची आवडती जागा. म्हणून आमच्या मनमाडच्या गिझरलाही मी ६० च्या खाली नेत नाही आणि उगाच वरही नेत नाही.

आता निवडीचं. बाजारात साध्या चकतीपासून फोनवरून चालणाऱ्या, माणसं बाहेर गेलेली ओळखणाऱ्या डब्यांपर्यंत सगळं मिळतं. माझं मत विचाराल तर आधी घराचा दिनक्रम बघा. सकाळी आठला सगळे बाहेर, संध्याकाळी सहाला परत, असं ठरलेलं घर असेल तर आठवड्याचं वेळापत्रक भरता येणारी साधी डबी पुरेशी आहे. वेळा रोज बदलत असतील तर फोनवाली कामाची. आणि घरात आजी-आजोबा सहा महिन्यांसाठी राहायला आलेले असतील, तर घर रिकामं कधीच नसतं, मग ती हुशारी कोणासाठी? खरं महत्त्वाचं ते हे की डबी बॉयलरशी किती नेमकं बोलते. स्वस्त डबी फक्त ‘चालू’ आणि ‘बंद’ म्हणते. चांगली डबी सांगते, आता थोडीच ऊब हवी, पाणी ४५ वरच पाठव. हे बोलणं बॉयलरला समजणाऱ्या भाषेत हवं, म्हणून बॉयलरचं मॉडेल बघितल्याशिवाय डबी घेऊ नये. अमेरिकेतल्या नातेवाइकानं जुनी डबी भेट दिली तर ती इंग्लंडात अजिबात लावू नये. तिथल्या डबीला २४ व्होल्टच्या तारा येतात, इंग्लंडातल्या बऱ्याच जुन्या डब्यांना थेट २३०.

आकडा किती ठेवायचा यावर त्या घरात शीतयुद्ध होतं. भाच्याला १८ हवे, माझ्या बहिणीला, म्हणजे त्याच्या आईला, २४. ती म्हणायची, मनमाडला तर वीस अंशांत मी साध्या साडीत वावरते. खरं आहे. पण मनमाडला वीस अंशांची हवा असते तेव्हा भिंती दिवसभर उन्हात भाजलेल्या असतात आणि त्या आपल्याला ऊब देतात. तिथं हवा वीस असली तरी खिडकीची काच आणि बाहेरची भिंत गारच, त्या अंगातली ऊब ओढून घेतात. आकडा तोच असला तरी अंगाला थंडी वेगळी लागते. शेवटी तोडगा निघाला, दिवसा २१, रात्री १६, बहिणीची खुर्ची खिडकीपासून काढून आतल्या भिंतीशी, आणि पायात लोकरीचे मोजे. बाहेर पाच असताना वीसचं एकोणीस केलं तर पंधरातला एक अंश वाचतो, म्हणजे जवळजवळ सात टक्के गॅस, हे भाच्यानं तिला कागदावर मांडून दाखवलं. तिनं कागद बघितला आणि शाल मागितली.

घर दिवसभर मंद चालू ठेवणं स्वस्त की बंद करून पुन्हा तापवणं स्वस्त, हा प्रश्न तिथं प्रत्येक मराठी पार्टीत निघतो म्हणे. उष्णता गळते ती आत-बाहेरच्या फरकाच्या प्रमाणात. घर जितका वेळ गार, तितका वेळ गळती कमी. गॅसच्या बॉयलरला बंद करणंच स्वस्त. हीट पंप, म्हणजे बाहेरची ऊब विजेनं आत ओढणारं यंत्र, असेल तर मात्र हात आखडता घ्यावा. घर फार गार होऊ दिलं तर अमेरिकेतले बरेच पंप मदतीला विजेची कॉइल लावतात आणि बिल दुप्पट वेगानं पळतं. गिझरचंही तसंच, काम झालं की बंद. चोवीस तास चालू ठेवला तर तो नुसता उभा राहून किती वीज खाईल हे त्याच्या स्टार लेबलवर छापलेलं असतं, दुकानात तो आकडा वाचणारा माणूस मी अजून पाहिला नाही.

एका गोष्टीचा मात्र मला रागच येतो. मागं आमचा गिझर मध्येच बंद पडायला लागला. बोलावलेल्या मिस्त्रीनं झाकण उघडलं, दोन तारा काढल्या, एकमेकींना जोडल्या आणि म्हणाला, “सर, थर्मोस्टॅट गेलाय. डायरेक्ट करून दिलं. आता प्रॉब्लेम नाही येणार.” डायरेक्ट! म्हणजे आता त्याला वेळेवर थांबवणारं कोणी नाही. पुढची राखणही चुकली तर पाणी उकळेल, वाफ होईल, आणि बंद भांड्यातली वाफ काय करते हे इंजिनं पाहिलेल्या गावाला सांगायची गरज नाही. थर्मोस्टॅटशिवाय गिझरमध्ये एक कटआउट असतो, थर्मोस्टॅट चुकला तर वीज तोडणारा, आणि एक सेफ्टी व्हॉल्व्ह, दाब वाढला तर पाणी सोडणारा. आमच्या गिझरचा कटआउट वारंवार उडत होता कारण कांडीवर चुन्याचा थर बसून थर्मोस्टॅटला पाण्याचा ताप उशिरा कळत होता. दुखणं चुन्याचं, आणि मिस्त्रीनं रखवालदारालाच घरी पाठवलं. मी तारा पुन्हा सोडवायला लावल्या, टाकी साफ करून घेतली, नवा थर्मोस्टॅट बसवला. बंद पडणाऱ्या गिझरला कोणी ‘डायरेक्ट’ करू लागला तर त्याच्या हातातून पकड काढून घ्या.

नव्या नॉबवर मी साठाच्या रेषेवर बायकोच्या नेलपॉलिशचा लाल ठिपका दिला आहे. परवा साडू पुन्हा आले होते. पहाटे बाथरूममधून आवाज आला, “अहो, हा ठिपका कशाचा?” मी गोधडीतूनच म्हटलं, “तेरा मिनिटं थांबा.” बाहेर आले तेव्हा केस ओले होते आणि चेहरा पडलेला. नॉब पाहिला, ७५ वर.

“दोन बादल्या मिळाल्या पण,” साडू म्हणाले.